पान मुठीत धरून

सप्टेंबर संपत आलाय, पितृपंधरवडा चालू आहे. दुपारचे बारा. तुम्ही पोंभुर्ण्याबाहेर एका बांधीच्या धुऱ्यावर उभे आहात आणि चपलेच्या तळव्यातून धुऱ्याची माती पोळतेय. अकरा दिवस पाऊस नाही. बांधीतलं पाणी आटून खाली तुळतुळीत गाळ उरलाय, त्याला कडेकडेने भेगा पडू लागल्या आहेत. खेकड्यांच्या बिळांची तोंडं उघडी पडली आहेत. धान गर्भात आहे. म्हणजे लोंब पोटरीत तयार आहे, निसवायची बाकी. वर्षभरात पाणी नेमकं लागतं ते याच आठवड्यात, आणि नेमकं याच आठवड्यात ते नाही.

धान एचएमटी आहे. तो याच जिल्ह्याचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल-३'च्या उभ्या पिकात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, त्यातून हा बारीक दाण्याचा वाण आला. नाव पडलं मनगटावरच्या घड्याळाच्या कंपनीवरून. डोळ्यांनी निवडणाऱ्या माणसांची गोष्ट पुढे पुन्हा एकदा येणार आहे, म्हणून हे आताच सांगून ठेवलं.

पलीकडच्या धुऱ्यावरून एक आजी येते. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा.

"का पायता जी? मिटला धान."

खरंच मिटलाय. सकाळी पसरट असलेली पानं आता लांबून सुतळीसारखी दिसतात. प्रत्येक पान दोन्ही कडांनी आत वळून नळी झालंय. पानाच्या वरच्या अंगाला मोठ्या, फुगीर पेशींच्या ओळी असतात. त्यांच्यातलं पाणी गेलं की त्या बसतात आणि पान गुंडाळतं, ऊन लागणारं अंग कमी होतं. ही मिटणी आजीला दिसते, तुम्हालाही दिसते. पण पानात दुसरीही एक मिटणी चालू आहे. ती दिसायला डोळा पुरत नाही. पानावर हजारो बारीक तोंडं आहेत. पर्णरंध्रं म्हणा. एकेक साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं. ती आता बंद होताहेत.

तोंड मिटलं की वाफ जायची थांबते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो तो याच तोंडातून. धानाला तहानेचं तोंड वेगळं आणि घासाचं वेगळं, अशी सोय नाही. पाणी वाचवायचं तर उपाशी राहायचं, आणि तेही पोटरीत लोंब असताना. हा सौदा कधी करायचा, किती वेळ करायचा, हे बांधीतलं प्रत्येक रोप या क्षणी ठरवतंय. मेंदू नाही, नस नाही. मग ठरवतं कोण?

एक पान तोडा. धारदार असतं, बोट कापेल, जपून. मुठीत धरा. आता आपण जिथे जिथे जाणार आहोत तिथे हे पान तुमच्यासोबत कोमेजत राहील. तेवढंच तिकीट.

*

धुरा तोच आहे. विजेचा खांब मात्र गेला. लांबून येणारा मोटारीचा आवाज गेला. जंगल पुष्कळ जवळ आलंय, सागाची मोठी पानं उन्हात कडकड वाजताहेत. चांदा जिल्हा, मध्य प्रांत, सन १८९९.

हा छपन्नच्या दुष्काळाचा पावसाळा. पावसाने मध्येच पाठ फिरवली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. बांधीत एचएमटी नाही, तो जन्माला यायला अजून ८४ वर्षं आहेत. गावठी धान आहे, उंच, जाड काडीचं. तेही मिटलंय, अगदी तसंच, सुतळीसारखं. पाळीवर चढून तलाव पाहा. या मुलखातले तलाव हे इथलं खरं शहाणपण. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले. पण यंदा पाणी तुडूमच्या तोंडाखाली गेलंय. पाटात सोडायला काही उरलेलं नाही. पाळीवर चार माणसं उकिडवी बसली आहेत, बोलत नाहीत.

त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, धान पाण्यावाचून किती दिवस काढेल, कुठल्या दिवशी काढेल पण दाणा पोचट राहील, हे ते बोटांवर सांगतील. आत काय चाललंय हे मात्र त्यांना ठाऊक नाही, आणि या वर्षी पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नाही. 'हॉर्मोन' हा शब्ददेखील अजून नाही. तो १९०५ मध्ये लंडनचे अर्नेस्ट स्टार्लिंग वापरतील, आणि तोही जनावरांच्या शरीराबद्दल.

याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या विजेच्या लहरी मोजायला सुरुवात करताहेत. त्यांच्या कामाचं मोल मोठं. पण त्यावरून आपल्याकडे 'झाडं रडतात, झाडांना दुःख होतं' असा जो शाळकरी कढ निघतो तो मला कधी पटला नाही. पाळीवर बसलेल्या माणसाला दुःख होतंय. धानाला कळतंय, एवढंच. कळण्याची ही जी रीत आहे ती दुःखापेक्षा कमी अद्भुत नाही.

मुठीतलं पान पाहा. कडा वळल्या आहेत. चला.

*

थंडी. गुडघ्याएवढा बर्फ. सेंट पीटर्सबर्ग, १९०१. दिमित्री नेल्युबोव नावाचा विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत वाटाणे उगवतोय आणि वैतागलाय. मोकळ्या हवेत सरळ वाढणारे कोंब प्रयोगशाळेत आडवे होतात, आखडतात, जाडे होतात. त्याने उजेड तपासला, ऊब तपासली, शेवटी हवाच तपासली. खोलीत दिव्याचा गॅस झिरपत होता. त्यातला दोषी निघाला इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, इतका साधा वायू, आणि तो रोपाला वळवतो.

नेल्युबोवच्या हे लक्षात आलेलं नाही की रोप हा वायू स्वतःही बनवतं. ते कळायला १९३४ उजाडेल, इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन पिकत्या सफरचंदातून तो पकडतील. आडीत आंबा घालणाऱ्या आपल्या आज्यांना एका पिकल्या फळाने बाकीची फळं पिकतात हे माहीत होतंच, वायूचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही इथिलीन ध्यानात ठेवा. रात्री लागणार आहे.

अजून एक थांबा, धावता. १९२६, जपानच्या ताब्यातलं फॉर्मोसा बेट, म्हणजे आजचं तैवान. पुन्हा धान, पुन्हा चिखल, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. पऱ्ह्यांत काही रोपं बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, फिक्की, किडकिडीत. लोंब धरायच्या आधीच आडवी होणारी. जपानी शेतकरी त्यांना 'बाकानाए' म्हणतात, मूर्ख रोप. एइची कुरोसावा दाखवतो की हा मूर्खपणा एका बुरशीच्या रसाचा आहे. बुरशी गाळून टाकली तरी नुसता रस दिला की रोप सैरभैर वाढतं. १९३५ मध्ये त्या रसातल्या पदार्थाला नाव मिळतं, जिबरेलिन. पुढे कळतं की निरोगी धानही तेच बनवतं, फक्त मापात. हेही ध्यानात ठेवा. इथिलीन आणि जिबरेलिन, एक वायू आणि एक रस.

*

१९६३. कॅलिफोर्निया, डेव्हिस. टेबलावर कपाशीची कोवळी बोंडं. चंद्रपूरच्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. वरोरा-राजुऱ्याकडच्या कपाशीवाल्याला पातेगळ आणि बोंडगळ हे शब्द झोपेतही येतात. फ्रेडरिक ॲडिकॉट आणि काझुहिको ओकुमा यांनाही तोच प्रश्न पडलाय. कोवळं बोंड का गळतं? गळायला सांगणारं काही बोंडात आहे का?

ते २२५ किलो बोंडं घेतात. वाटतात, गाळतात, आटवतात, पुन्हा गाळतात. सगळ्याच्या शेवटी काचेच्या तळाशी उरतात ९ मिलिग्रॅम पांढरे स्फटिक. धानाच्या एका दाण्याच्या निम्म्याहून हलके. अडीच क्विंटलला थोडं कमी, त्यातून अर्धा दाणा नाही. अशा हिशोबाला आपल्याकडे घाट्याची शेती म्हणतात. पण या अर्ध्या दाण्यात ती चीज आहे जी तुमच्या मुठीतल्या पानात आत्ता, चालता चालता, तयार होतेय.

त्याच वेळी तिकडे वेल्समध्ये फिलिप वेअरिंग झाडांच्या झोपी गेलेल्या कळ्यांमागे लागलेत आणि त्यांच्या हाती एक पदार्थ येतो. तो आणि हा, दोन्ही एकच निघतात. सर्वानुमते नाव ठरतं ॲब्सिसिक ॲसिड, गळवणारं आम्ल. १५ कार्बन, २० हायड्रोजन, ४ ऑक्सिजन.

नाव चुकलं. पान किंवा बोंड देठापासून सुटतं ते मुख्यतः इथिलीनच्या सांगण्यावरून. फाल्गुनात पोंभुर्ण्याच्या जंगलात सागाची पानं पडतात, त्यांच्या देठाशी जी फट पडते तिथला कारागीर हा नव्हे. पण नाव एकदा पडलं की पडलं. एचएमटी धान तरी कुठे वेळ दाखवतो?

खरं काम कळतं १९६९ मध्ये, इंग्लंडच्या केंट परगण्यात, वाय कॉलेजात. तिथे राइट आणि हायरन या दोघांनी गव्हाची तोडलेली पानं कोमेजू दिली आहेत. ताज्या पानात हे आम्ल किती आणि कोमेजलेल्यात किती, एवढाच प्रश्न. मूठ उघडून तुमचं पान त्यांच्या तराजूत ठेवा, ते नको म्हणणार नाहीत. कोमेजलेल्या गव्हाच्या पानात आम्ल ४० पटींच्या घरात चढलेलं आहे. तोडलेलं पान, मुळापासून तुटलेलं, कुणाचा निरोप नाही, तरी आपलं आपण बनवतंय. कच्चा माल पानात पडूनच असतो. गाजराला ज्याने रंग येतो त्या कुळातले रेणू. तहान लागली की कातरीसारखं एक विकर त्यांतल्या एकाला कापतं आणि पुढच्या दोन-तीन पायऱ्यांत आम्ल तयार. म्हणून ते इतकं झटपट वाढतं.

आणि हे आम्ल पानावर शिंपडलं की रंध्रं मिटतात. पाणी भरपूर असलं तरी. टोमॅटोचं एक लुळं वाण होतं, ते हे आम्ल पुरेसं बनवू शकत नव्हतं, म्हणून त्याची तोंडं कायम उघडी आणि ते बागेत पाणी असूनही मान टाकायचं. त्यावर हे आम्ल मारलं की ते उभं राहायचं.

म्हणजे निरोप सापडला. पण निरोप वाचतो कोण?

*

इथे एक लांब बोळ आहे. चाळीस वर्षांचा. तुम्ही चालताय, दोन्ही बाजूंना प्रयोगशाळांची दारं. प्रत्येक दारामागे कुणीतरी म्हणतंय, रोपात कुठेतरी एक प्रथिन असणार, हे आम्ल ज्यात बसतं. ग्राही. त्याच्याशिवाय आम्ल म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. बाकीच्या संप्रेरकांचे ग्राही एकेक करून सापडताहेत. इथिलीनचा १९९० च्या दशकात, ऑक्सिनचा २००५ मध्ये. जिबरेलिनचाही २००५ मध्येच, जपानच्या नागोयात, आणि तो सापडला धानात. एक ठेंगणं धान, त्याला कितीही जिबरेलिन द्या, ऐकू येतच नाही. त्याचा कानच बिघडलेला, तो बिघाड शोधता शोधता कान सापडला.

या आम्लाचा मात्र सापडेना. २००६ मध्ये एका मोठ्या नियतकालिकात दावा छापून आला, सापडला म्हणून. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. दुसऱ्यांच्या हातात ते प्रयोग पुन्हा उभेच राहिले नाहीत. बोळात या दाराशी थोडं थांबा. चुकलो असं छापून सांगणं शास्त्रात तरी अजून जमतं.

न सापडण्याचं कारण मजेशीर आहे. संशोधक जिच्यावर काम करतात ती ॲराबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं एक वीतभर तण. तिच्यात हा ग्राही एक नाही, १४ आहेत. एकाच घरातल्या चौदा बहिणी. एकीला बिघडवलं तर दुसरी तिचं काम उचलते, रोप जसंच्या तसं. संशोधकाला वाटतं, इथे काही नव्हतंच. एकत्र कुटुंबात एकटी सून आजारी पडली तरी चूल पेटतेच, बाहेरच्याला कळत नाही, तसं.

२००९ च्या मे महिन्यात दोन दारं एकदम उघडतात. एक कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला, शॉन कटलर यांचं. दुसरं जर्मनीत, म्युनिकला, एर्विन ग्रिल यांचं. कटलर यांनी वेगळीच युक्ती केली. खऱ्या आम्लाऐवजी पायरॅबॅक्टिन नावाचं कारखान्यातलं रसायन वापरलं. ते आम्लासारखं वागतं खरं, पण चौदाही बहिणींना हाक मारत नाही, मोजक्याच जणींना ऐकू जातं. त्यामुळे त्यांतली एक बिघडली की रोप लगेच बहिरं दिसतं. अशी एक सापडली आणि तिच्या मागोमाग सगळं घर.

आता लहान व्हा. अजून लहान. मुठीतल्या पानाच्या पाठीवर उतरा, एका रंध्राच्या कडेला. धानाचं रंध्र डंबेलच्या आकाराच्या दोन पेशींनी बनलेलं असतं, मध्ये अरुंद फट. दोन्ही पेशी पाण्याने टम्म फुगल्या की फट उघडते. त्यांतल्या एकीत शिरा.

आत एक प्रथिन तरंगतंय. त्याच्या अंगाला एक खोबण, खोबणीवर उघडं झाकण. समोरून आम्लाचा एक रेणू येतो, खोबणीत बसतो. झाकण त्याच्यावर खाली येतं. या मिटलेल्या झाकणाचा बाहेरचा आकार आता बदललाय, आणि त्याला चिकटायला दुसरं एक प्रथिन येतं. ते आपल्या अंगातलं एक टोक झाकणाच्या फटीत घालतं, दाराला बाहेरून खिट्टी बसावी तसं. आता रेणू सहज सुटत नाही आणि खिट्टी घालणाराही अडकून पडतो.

त्याचं अडकणं हेच सगळं आहे. कारण एरवी हे दुसरं प्रथिन करतं काय? ते तिसऱ्या एका प्रथिनाच्या गळ्यात लोढणं होऊन पडलेलं असतं. पळपुट्या गोऱ्ह्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधतात, त्याला धावता येऊ नये म्हणून, अगदी तसं. पाणी आहे तोवर लोढणं गळ्यात, गोऱ्हा जागच्या जागी. आम्ल आलं, लोढणं खिट्टीत अडकलं, गोऱ्हा मोकळा. म्हणजे तहानेचा निरोप काही नवीन चालू करत नाही. अडवून धरणाऱ्यालाच तो अडवतो. रोप कायमच तयार असतं, फक्त धरून ठेवलेलं असतं.

मोकळा सुटलेला गोऱ्हा पेशीच्या पडद्यातल्या दारांना धडक देतो. दारं उघडतात, क्लोराइडसारखे आयन बाहेर धावतात, मागोमाग पोटॅशियम, त्यांच्यामागे पाणी. टम्म पेशी सैल पडते. शेजारचीही. फट मिटते. तुमच्या डोक्यावर आभाळाची जी बारीक चीर दिसत होती ती गेली.

पान तुटलेलं नसतं, रोपावरच असतं, तर त्याला आधी कुणी कळवलं असतं? पाणी तर मुळाशी संपतं. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी ॲराबिडॉप्सिसमध्ये दाखवलं की कोरडं पडलेलं मूळ १२ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी वर पाठवतं. ती पानात पोचते आणि तिथे आम्ल बनू लागतं. मातीतला कोरडेपणा पान चाखत नाही, मुळाची चिठ्ठी वाचतं.

*

अंधार. गळ्यापर्यंत पाणी, नव्हे, डोक्यावरून. घाबरू नका, तुम्हाला श्वास लागत नाही.

२०२० च्या ऑगस्टची अखेर. वर मध्य प्रदेशात धो धो पडलाय, गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आहेत आणि वैनगंगा भंडाऱ्यापासून खाली सगळा काठ गिळत आली आहे. तुम्ही काठाजवळच्या एका बांधीत पाण्याखाली आहात. गढूळ, लालसर, हाताने हात दिसत नाही. रोवणी होऊन महिना-सव्वा महिना झालेला धान तुमच्या पोटरीला घासतोय. याला तहानेचा प्रश्न नाही. याला कोंडमाऱ्याचा आहे.

नेल्युबोवचा वायू आठवतो ना? प्रत्येक पान थोडं थोडं इथिलीन सोडतच असतं, ते हवेत उडून जातं. पाण्यातून वायू पसरतो तो हवेपेक्षा दहा हजार पटीने हळू. म्हणून बुडालेल्या पानाचं इथिलीन पानातच साठतं. रोपाला पाणी मोजायची गरज नाही, स्वतःचाच वायू बाहेर जाईना की समजायचं, बुडालो.

मग साधा धान काय करतो? कुरोसावाच्या मूर्ख रोपासारखा वागतो. इथिलीन वाढलं की जिबरेलिनचा जोर वाढतो आणि रोप वर धावतं, पाण्याबाहेर नाक काढायला. पूर रोजचा आणि हळू चढणारा असेल तर हा डाव फार चांगला. बांगलादेशकडचं खोल पाण्यातलं धान असंच दिवसाला २०-२५ सेंटिमीटर वाढतं आणि जिंकतं. पण वैनगंगेचा पूर चार-सहा दिवसांत येतो आणि जातो. तोवर धावून धावून रोपाने साठवलेला सगळा स्टार्च जाळलेला असतो. पाणी ओसरलं की ते चिखलात आडवं, केसांच्या जटेसारखं, आणि तिसऱ्या दिवशी कुजल्याचा वास.

आता शेजारच्या बांधीत चला, पाण्याखालून पोहत. कल्पना करा की तिथे 'स्वर्णा सब-१' आहे. तेच पाणी, तेच इथिलीन. पण हे रोप धावत नाही. याच्यात एक जास्तीचं जनुक आहे, सब-१ए. इथिलीनची हाक आली की ते जागं होतं आणि जिबरेलिनला आवर घालणाऱ्या प्रथिनांना बळ देतं. रोप वाढ थांबवतं, स्टार्च जपतं, गप्प बसतं. दोन आठवडे असं बुडून राहिलं तरी पाणी गेल्यावर खोडाशी नवा कोंब दिसतो.

हे जनुक आलं ओडिशाच्या एका गावठी धानातून. कुणी तरी, कधी तरी, पूर ओसरल्यावर चिखलात वाकून पाहिलं की बाकी सगळं सडलं, ही चार चुडं मात्र हिरवी आहेत, आणि त्यांचं बी ठेवलं. त्या माणसाचं नाव कुठे नाही. त्यातून निवडलेल्या वाणाला म्हणतात एफआर-१३ए. त्यातलं जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं, २००९ मध्ये ते असलेली स्वर्णा भारतात शेतकऱ्यांसाठी आली. याच २००९ मध्ये तिकडे तहानेचा ग्राही सापडला होता.

मला यातली एक गोष्ट सोडवत नाही. दुष्काळात काय किंवा पुरात काय, जगलेलं रोप ते, ज्याने वेळेवर काही तरी सोडलं. तिथे घास, इथे वाढ. कटलर यांनी पुढे अशी रसायनं केली आहेत की ती फवारली तर पिकाची तोंडं आपण ठरवू तेव्हा मिटतील. बातमी वाचली की पहिल्यांदा वाटतं, वा! मग वाटतं, मिटल्यावर जेवणार काय? पाऊस चार दिवसांत येणार असेल तर फवारणी शहाणपणाची, वीस दिवस येणारच नसेल तर उपाशी धानाचा दाणा पोचटच राहणार. शेवटी ते आभाळाकडे पाहूनच ठरवावं लागेल, म्हणजे पाळीवर उकिडवं बसलेल्या माणसासारखंच.

*

धुरा. विजेचा खांब. मोटारीचा आवाज. तोच सप्टेंबर, पण दिवस मावळतोय. तुम्ही मूठ उघडता. पान आता काडीसारखं कडक, फिक्कट हिरवं झालंय. टाकून द्या.

बोडीत थोडं पाणी उरलेलं होतं. आजीच्या मुलाने इंजिन लावलंय, पाइपाच्या तोंडातून पाणी भेगांत शिरतं तेव्हा माती चुर्र करते आणि बुडबुडे येतात. खेकडे बाहेर पळतात. बगळे लगेच हजर. रात्रभर पाणी चालतं. तुम्ही आजीच्या ओसरीवर झोपता, डास चावतात.

सकाळी पुन्हा बांधीत. पानं पसरली आहेत, रुंद, हिरवी, टोकांवर दव. फुगीर पेशी रात्रीतून भरल्या. बांधीत बोटभर पाणी उभं आहे. लांबून पाहणारा म्हणेल, मिटलं संकट. तुम्हाला मात्र आता खाली, पानाच्या पाठीवर, काय असेल ते माहीत आहे. आम्ल इतक्यात गेलेलं नसणार. काही खोबणींवरची झाकणं अजून बंद असणार, गोऱ्हे अजून मोकळे. पाणी मिळालं तरी तोंडं पूर्ण उघडायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत हे रंध्रांवर मोजलेलं आहे, कधी कधी काही दिवस जातात. आजीला हे कसं सांगावं याची तुम्ही जुळवाजुळव करता. झाकण म्हणावं की खिट्टी, की लोढण्यापासूनच सुरुवात करावी?

ती धुऱ्यावर वाकून एक पान दोन बोटांत धरते, मग सोडून देते.

"पानी भेटला," ती म्हणते, "पन दोन दिस रुसलेलाच रायते थो."

आणि विळा घेऊन गवताला जाते.